लेखनशंका : श्रद्धा, संशय आणि अमानवी थरार

श्रद्धेच्या झगड्यावर अमानवी थरारकथा लिहिणाऱ्या वाचकांची पत्रं या वेळी बरीच आली. एकसारखे प्रश्न एकत्र केले आहेत आणि लांबलेली पत्रं आवरती घेतली आहेत.

प्रश्न : माझी नायिका परिचारिका आहे. तिचा प्रार्थनेवर गाढ विश्वास आहे. मुलगा दगावल्यावर तो डळमळतो. पहिली नव्वद पानं मी तिचा आतला झगडा रंगवला आहे. मग घरात अमानवी प्रकार सुरू होतात : दारं आपटतात, दिवे फडफडतात, जिन्यावर पावलं वाजतात. ज्यांनी खर्डा वाचला ते सगळे म्हणतात, सुरुवातीला काही घडतच नाही. झगडा कमी करू का?

उत्तर : झगडा कमी करू नका. तो आणि अमानवी प्रकार एकाच प्रसंगात आणा. आत्ता तुमच्या हातात दोन कादंबऱ्या आहेत. एक शोकाची, दुसरी झपाटलेल्या घराची, आणि पहिली संपेपर्यंत दुसरी सुरूच होत नाही. शिवाय तुम्ही दिलेले प्रकार कोणाच्याही घरात घडू शकतात. खरी चूक तिथे आहे. या जातीच्या कादंबरीत अमानवी शक्तीने नेमकं तिथेच बोट ठेवावं, जिथे त्या माणसाची श्रद्धा तडकली आहे. तीच घटना शेजारणीच्या बाबतीत घडली तर तिला फार काही वाटू नये.

समजा, मुलगा गेल्यापासून नायिकेने रात्रीची प्रार्थना सोडली आहे. एका रात्री बंद खोलीतून तीच प्रार्थना ऐकू येते. आवाज बारीक आहे, आणि मुलगा ज्या शब्दावर अडखळायचा त्याच शब्दावर तो अडखळतो. आता ती निव्वळ घाबरलेली नाही, तिला मोह पडला आहे. दार उघडावं तर मुलगा भेटेल. पण हे पाठवलं कोणी? ज्याच्याशी तिने बोलणं सोडलं त्याने, की दुसऱ्याच कोणी? दार न उघडता ती उरलेली प्रार्थना दाराबाहेरून पूर्ण करते आणि आतला आवाज थांबतो. एवढ्या एका प्रसंगात शोक आहे, श्रद्धा आहे आणि पुढचं पान उलटायला लावणारं कारणही आहे.

मोजमाप हवं असेल तर ऐंशी हजार शब्दांच्या कादंबरीसाठी हा ठोकताळा वापरा. पहिली खूण पहिल्या तीन-चार हजार शब्दांत यावी, वाचकाच्या नजरेतून निसटेल इतकी छोटी. नाकारता येणार नाही अशी पहिली घटना दहा हजारांच्या आसपास. मध्यावर, म्हणजे चाळीस हजारांच्या आगेमागे, नायिकेने जिला मदत समजलं तीच गोष्ट उलटावी. शेवटच्या वीस हजारांत नवी अमानवी करामत नको, आधीच्या सगळ्याची वसुली हवी.

आता लिहून झालेली नव्वद पानं. ती छापून घ्या आणि दोन रंगांच्या पेन्सिली घ्या. नायिका काही करते तो परिच्छेद एका रंगाने अधोरेखित करा, तिला नुसतं काही वाटतं तो दुसऱ्या. दुसरा रंग बहुधा ओसंडून वाहील. त्यातला तीनातला एक परिच्छेद जागेवर ठेवा. बाकीचे फेकू नका, त्यांना अमानवी घटनांच्या लगेच नंतर जागा द्या. सुरुवातीला जे पाल्हाळ वाटत होतं तेच तिथे वाचक अधाशासारखं वाचतो, कारण या बाईच्या मनात आता काय चाललंय हे त्याला हवं असतं.

प्रश्न : माझ्या कादंबरीतली दुष्ट शक्ती अफाट आहे. ती भविष्य जाणते, रूप बदलते, मारूही शकते. मित्राने विचारलं, 'मग नायकाला दुसऱ्याच प्रकरणात का मारत नाही?' माझ्याकडे उत्तर नव्हतं.

उत्तर : बळजबरीने घेता येणार नाही असं काहीतरी तिला हवं असलं पाहिजे. बहुतेक वेळा ती गोष्ट म्हणजे संमती. माणसाने आपल्या तोंडाने 'हो' म्हणावं, शपथ मोडावी, कोणाला तरी नाकारावं. मारून टाकलं की ते मिळण्याची शक्यताच संपते, म्हणून ती मारत नाही. जुन्या ग्रंथकारांना हे पक्कं ठाऊक होतं. बायबलमधल्या ईयोब या देवभक्ताच्या कथेत त्याचा छळ करायला सैतानाला देवाची परवानगी मागावी लागते, आणि तीही बेताबेताने मिळते. आधी मालमत्ता आणि मुलंबाळं, पण त्याच्या देहाला हात लावायचा नाही. मग देह, पण जीव घ्यायचा नाही. तिथला सगळा ताण त्या हद्दीमुळे आहे.

तुम्ही एक पान नियमांचं लिहा. ते कादंबरीत छापायचं नाही, टेबलावर ठेवायचं. त्या शक्तीला काय हवं आहे, ती कुठून आत येते, तिला काय अजिबात जमत नाही, आणि एखादी गोष्ट केल्यावर तिचं काय खर्ची पडतं, एवढ्याच नोंदी. 'जमत नाही' हा रकाना सर्वांत भरगच्च हवा. मनातले विचार वाचता येतात पण प्रार्थनेतले नाहीत. मेलेल्यांचा आवाज काढता येतो, पण त्या माणसाने जिवंतपणी उच्चारलेलेच शब्द काढता येतात. हा दुसरा नियम वरच्या परिचारिकेच्या कथेला लावून पाहा. खोलीतला 'मुलगा' प्रश्नांची उत्तरं देतो ती जुन्याच वाक्यांतून, आणि हे नायिकेच्या लक्षात येण्याआधी वाचकाच्या लक्षात येतं.

दोन ठिकाणी घात होतो. ज्या नियमामुळे नायक शेवटी वाचतो तो वाचकाला त्याच प्रकरणात पहिल्यांदा कळला तर फसवल्यासारखं वाटतं. असा नियम आधी दोनदा दिसायला हवा, एकदा सहज जाता जाता आणि एकदा कोणाचं तरी नुकसान करताना. दुसरा घात म्हणजे सोयीसाठी नियम मोडणं. एकदा मोडलात की पुढे कितीही भयंकर लिहा, 'लेखक काढेल काहीतरी मार्ग' असं म्हणून वाचक निर्धास्त बसतो.

प्रश्न : हे सगळं खरंच घडतंय की नायकाच्या मनाचे खेळ आहेत, हे मला शेवटपर्यंत झाकून ठेवायचं आहे. पण संपादक म्हणतात, कथा धूसर झाली आहे.

उत्तर : संदिग्ध आणि धूसर यांत फरक आहे. संदिग्ध कथेत प्रत्येक घटनेची दोन पूर्ण स्पष्टीकरणं असतात. धूसर कथेत एकही नसतं. समीक्षक त्स्वेतान तोदोरोव्ह यांनी १९७० साली या प्रकाराची मांडणी केली, ती इथे कामाची आहे. घटना निसर्गनियमांनी उलगडते की त्यापलीकडची आहे, हा निर्णय लागत नाही तोवरच ही जादू टिकते. निर्णय लागला की कथा एका बाजूच्या शेजारी प्रकारात जाऊन पडते. म्हणून तो निर्णय कधी लावायचा, की लावायचाच नाही, हे लिहायला बसण्यापूर्वी ठरवा. तुम्हाला स्वतःला मात्र उत्तर ठाऊक हवं. लेखकालाच ठाऊक नसलं की धूसरपणा येतो.

वहीत दोन रकाने आखा, डावीकडे अमानवी कारण आणि उजवीकडे लौकिक कारण. प्रत्येक घटनेसाठी दोन्ही भरा. उजवा रकाना 'भास झाला' एवढ्यावर सोडू नका. भास का झाला, तेव्हाच का आणि त्यालाच का, तेही लिहा. खरी कारणं कल्पनेपेक्षा चमत्कारिक असतात. १९२१ साली एका अमेरिकन नेत्रतज्ज्ञाने वैद्यकीय नियतकालिकात एका कुटुंबाची हकिगत छापली होती. नव्या घरात राहायला गेल्यावर त्यांना पावलं ऐकू येत, अनोळखी आकृत्या दिसत, डोकी जड होत, झाडं मरगळत. शेवटी घर गरम ठेवणारी भट्टी बिघडल्याचं निघालं. तिचा धूर घरात पसरत होता आणि सगळ्यांना कार्बन मोनॉक्साइडची बाधा झाली होती. त्यातला मरगळलेल्या झाडांचा तपशील पाहा. पहिल्या वाचनात तो अशुभ वाटतो, दुसऱ्या वाचनात पुरावा ठरतो. तुमच्या प्रत्येक घटनेत असा दोन्हीकडे चालणारा एक तपशील पेरा.

निद्रास्तंभही असाच उपयोगी. झोपेच्या स्वप्नावस्थेत शरीराचे स्नायू शिथिल केलेले असतात. कधीकधी जाग येते पण ती शिथिलता उतरलेली नसते. डोळे उघडे, अंग हलत नाही, छातीवर ओझं, खोलीत कोणीतरी उभं असल्याची खात्री. काही सेकंद ते दोन-चार मिनिटं. अपुरी झोप आणि उताणं झोपणं यांनी ते वाढतं. नायक तीन रात्री जागलेला आहे हे वीस पानं आधी सांगून ठेवलंत की उजवा रकाना भक्कम होतो.

श्रद्धेच्या कादंबरीत मात्र एक जास्तीची पायरी लागते. लौकिक कारण सापडल्यावर प्रश्न मिटू नये. भट्टी बिघडली होती हे कळलं, मग त्या धुरात त्याने देवाला दिलेला शब्द खरा की नाही? पुरावा दोन्हीकडे सारखा असताना त्याने काय करायचं, यावर तुमची कादंबरी उभी आहे. हे पान संपादकांना दाखवा.

प्रश्न : प्रार्थनेचे प्रसंग प्रवचनासारखे होतात. गाळले तर विषयच जातो. काय करावं?

उत्तर : प्रार्थना हा संवाद आहे असं धरून लिहा, फक्त समोरचा उत्तर देत नाही. संवादाला लागणारं सगळं तिलाही लागतं. बोलणाऱ्याला काहीतरी हवं असतं, तो काहीतरी लपवतो, घासाघीस करतो, मध्येच विषय बदलतो. पत्रासोबत पाठवलेल्या उताऱ्यात नायिका म्हणते, 'हे परमेश्वरा, तू सर्वसाक्षी आहेस, मी दुर्बळ आहे, माझ्या मनात संशय दाटला आहे, मला मार्ग दाखव.' ही देवाला नव्हे, वाचकाला दिलेली माहिती झाली. तोच प्रसंग असाही होऊ शकतो :

'बघतोयस ना,' ती म्हणाली. मग बराच वेळ काहीच बोलली नाही. 'सोमवारी त्याचा ताप उतरला होता. तूच उतरवलास असं समजून मी आभार मानले.' जोडलेले हात तिने सोडले. 'ते मी परत घेते.'

यात संशय हा शब्द नाही, दुर्बळही नाही. पण या बाईचं देवाशी नातं काय होतं आणि आता त्याचं काय झालंय, हे कळतं. शिवाय तिने एक कृती केली आहे, दिलेले आभार मागे घेतले. आता या कृतीचा परिणाम कथेत व्हायला हवा. ज्या शक्तीला ती कमजोर झालेली हवी होती, तिने हे ऐकलं असेल तर तिची पुढची चाल याच वाक्यावरून ठरेल. प्रार्थनेनंतर कथा पुढे सरकत नसेल तर ती प्रार्थना कितीही सुंदर असो, कापा.

लांबी शंभर-दीडशे शब्दांच्या पुढे नको. पाठ असलेल्या प्रार्थनेचे पूर्ण शब्द एकदाच द्या, पहिल्या वेळी. नंतर फक्त ती कुठे तुटते ते सांगा.

प्रश्न : माझा नायक कॅथलिक धर्मगुरू आहे. भूतबाधा उतरवण्याचा मोठा प्रसंग लिहायचा आहे. चित्रपटात असतं तसंच प्रत्यक्षात असतं का? किती अचूक असावं?

उत्तर : अचूक असावंच, कारण खऱ्या नियमांत तयार कथानक दडलेलं आहे. १९८३च्या धर्मविधिसंहितेतलं कलम ११७२ सांगतं की स्थानिक बिशपांची खास आणि स्पष्ट परवानगी असल्याशिवाय कोणालाही हा विधी करता येत नाही, आणि ती परवानगी धर्मनिष्ठ, ज्ञानी, विवेकी व निष्कलंक जीवनाच्या धर्मगुरूलाच द्यावी. तुमचा नायक श्रद्धा गमावत चालला आहे असं तुम्ही लिहिता. मग ही परवानगी मागताना तो बिशपांना काय सांगेल? प्रसंगाची सुरुवात रोग्याच्या खोलीत नाही, बिशपांच्या मेजासमोर आहे.

जुना विधी १६१४ सालचा, सुधारित विधी १९९९ साली प्रसिद्ध झाला. जुन्या विधीत बाधेची लक्षणं दिली आहेत. अनोळखी भाषेत सविस्तर बोलणं किंवा ती समजणं, दूरच्या वा गुप्त गोष्टी उघड करणं, वयाला आणि प्रकृतीला न शोभणारी ताकद. बाधा झाली आहे असं सहजासहजी मानू नये, हेही तिथेच बजावलं आहे. सुधारित विधी वैद्यक आणि मानसोपचाराच्या जाणकारांचा सल्ला घ्यायला सांगतो. म्हणजे डॉक्टर हे पात्र अडथळा म्हणून आणू नका. ते विधीचाच भाग आहे आणि त्याचं म्हणणं वजनदार हवं.

विधीत संतांची आळवणी, स्तोत्रं, शुभवर्तमानातलं वाचन, मस्तकावर हात ठेवणं, श्रद्धेचा उच्चार, क्रुसाची खूण असे टप्पे येतात. मंत्रवचनं दोन प्रकारची आहेत. एकात देवाकडे विनवणी असते, दुसऱ्यात दुष्टात्म्याला थेट आज्ञा. सुधारित विधीत विनवणी आधी आणि अनिवार्य आहे, आज्ञा तिच्यानंतरच. ज्याला विनवणी करवत नाही असा धर्मगुरू घाईने आज्ञेकडे वळतो, एवढ्यावर प्रसंग हलू लागेल. विधीचा तमाशा होऊ नये आणि प्रसारमाध्यमांना थारा नसावा असंही बंधन आहे. कॅमेरा लावलेली खोली तुमच्या खर्ड्यात आहे. ती काढा, नाहीतर ती कोणाची आगळीक आहे ते कथेत आणा.

सर्वांत कामाचा नियम जुना आहे. दुष्टात्म्याला त्याचं नाव, संख्या, प्रवेशाची वेळ आणि कारण विचारावं. कुतूहलाचे फालतू प्रश्न मात्र विचारू नयेत. नायकाला एक जास्तीचा प्रश्न विचारण्याचा अनावर मोह कशाचा होईल, हे शोधा. त्याने तो विचारला की कडेलोट. ओकाऱ्या, तरंगणारे देह, उलटी फिरणारी मान यांची मग गरज उरत नाही. ते सगळं वाचकाने इतक्यांदा पाहिलं आहे की त्याला भीती वाटत नाही.

खोलीत चारपेक्षा जास्त माणसं ठेवू नका आणि प्रत्येकाला वेगळं काहीतरी हवं असू द्या. एका बैठकीत सगळं मिटवू नका. विधी पुन्हा पुन्हा करावा लागू शकतो, आणि दोन बैठकींमधला दिवस बहुतेक वेळा बैठकीपेक्षा चांगला लिहिला जातो. नायक कॅथलिक नसून दुसऱ्या परंपरेतला असेल तरी शोध हाच : अधिकार कोणाला, लक्षणं कोणती, मनाई कशाची.

प्रश्न : 'आध्यात्मिक संघर्ष' म्हणजे कागदावर नेमकं काय दाखवायचं? माझा नायक पानोपानी अस्वस्थ होतो, एवढंच.

उत्तर : अस्वस्थ हा शब्द महिनाभर वापरू नका. साधनेच्या वाटेवरची संकटं जुन्या साधकांनी आपल्याहून बारकाईने टिपली आहेत, त्यांच्याकडून घ्या.

चौथ्या शतकात इजिप्तच्या वाळवंटात राहणाऱ्या इव्हाग्रियस नावाच्या साधूने दुपारच्या दुष्टात्म्याचं वर्णन केलं आहे. तो घाबरवत नाही. तो सूर्य हलेनासा करतो आणि दिवस पन्नास तासांचा वाटायला लावतो. साधू सारखा खिडकीकडे पाहतो, जेवणाची वेळ किती दूर आहे ते मोजतो, कोणी भेटायला येतंय का बघतो. मग ही जागा नकोशी होते, हे जगणं नकोसं होतं, आणि 'देवाला कुठेही भजता येतं की' असा अगदी रास्त विचार सुचतो. भर उन्हात, कंटाळ्याच्या रूपाने येणारं हे संकट एकाही काळ्या आकृतीशिवाय अंगावर काटा आणतं.

सोळाव्या शतकातला इग्नेशियस लोयोला हा मुळात योद्धा. १५२१ साली पाम्प्लोनाच्या लढाईत पाय जायबंदी झाला आणि तो साधनेकडे वळला. त्याचे नियम १५४८ साली छापले गेले, आणि कथानक रचणाऱ्याने ते जवळ ठेवावेत. एक : मन कोरडं, अंधारलेलं असताना आधी घेतलेला निर्णय बदलू नये. तुमच्या नायकाने नेमक्या त्याच अवस्थेत निर्णय बदलावा. दोन : शत्रूला गुप्तता हवी असते. मनातलं जाणत्या माणसाजवळ उघड केलं की त्याचा डाव फसतो. म्हणून नायकाने एकच गोष्ट कोणाला तरी सांगायची टाळावी, आणि ते टाळण्याचं कारण उदात्त असावं. तीन : गडाला वेढा घालणारा सेनापती तटबंदीची कच्ची बाजू हेरतो, तसा शत्रू माणसाची हेरतो. चार, आणि सर्वांत धोक्याचं : तो प्रकाशाच्या दूताचं रूप घेतो. आधी भल्या विचारात तुमच्या बरोबरीने चालतो आणि मग हळूच आपल्या दिशेला वळवतो.

या चौथ्यावरून प्रकरणांची माळ बनते. नायक रोज एक तास जास्त प्रार्थना करू लागतो, छानच. मग उपवास वाढवतो. मग आजारी बायकोजवळ बसायला वेळ उरत नाही. मग आपल्याइतकी साधना न करणारी माणसं त्याला क्षुद्र वाटतात. एकही पायरी स्वतंत्रपणे वाईट दिसत नाही. अशा पाच-सहा पायऱ्या कागदावर उतरवा, एकेक पायरी दोन प्रकरणांत वाटा, आणि प्रत्येक पायरीला दुसऱ्या कोणाचं तरी लहानसं नुकसान जोडा. ते नुकसान वाचकाला दिसतं, नायकाला दिसत नाही. तुम्ही शोधत होता तो थरार इथे आहे.

प्रश्न : मी स्वतः श्रद्धाळू आहे. नास्तिक पात्रं कृत्रिम होतात असा शेरा आला. (उलट बाजूनेही दोन पत्रं आली आहेत.)

उत्तर : ज्याचं तुम्हाला पटत नाही त्या पात्राला पुस्तकातला सर्वांत बिनतोड युक्तिवाद द्या, आणि त्या प्रसंगात त्याला उत्तर मिळू देऊ नका. श्रद्धाळू पात्राची श्रद्धा निदान एकदा चुकीची ठरावी आणि त्याची किंमत दुसऱ्याला मोजावी लागावी. संशयी पात्र निदान एकदा बरोबर निघावं. संशयी माणसाला दारुड्या, उद्धट किंवा लहानपणी दुखावलेला दाखवायचा मोह आवरा. माणूस नीट विचार करूनही संशयी असू शकतो. तसंच श्रद्धाळू बाई भोळी असायला हवी असं नाही. तिला प्रश्न पडलेले असतात, तरी ती थांबलेली असते. तपासायचं कसं? नास्तिक पात्राचे संवाद वेगळे काढून एका नास्तिक वाचकाला द्या. 'हे मी म्हणालो असतो' असं त्याने तीन जागी तरी म्हटलं पाहिजे.

थोडक्यात उत्तरं

निवेदन कोणाचं असावं : एकाच पात्राच्या खांद्यावरून, तृतीय पुरुषी. प्रथम पुरुषी निवेदक जिवंत राहणार हे वाचकाला आधीच कळतं, शिवाय संशयाच्या कथेत तो स्वतःचीच वकिली करत सुटतो. दुष्ट शक्तीच्या मनात शिरणारी प्रकरणं टाळा. तिला कंटाळा, राग, योजना आल्या की ती एक हिकमती माणूस होऊन बसते.

किती दाखवावं : इंग्रज भयकादंबरीकार अॅन रॅडक्लिफ यांचा १८२६ साली, मृत्यूनंतर, छापलेला एक लेख भय आणि किळस यांत फरक करतो. अनिश्चिततेतून येणारं भय मन विस्तारतं, थेट दिसलेलं बीभत्स ते गोठवतं. पहिल्या तीन-चतुर्थांश भागात आकृती पूर्ण दिसू देऊ नका. परिणाम मात्र स्पष्ट आणि मोजून दाखवा : ओलं झालेलं दार, किती उंचीपर्यंत ओलं, किती वेळात वाळलं.

दुष्ट शक्तीचे संवाद : कमी आणि सभ्य. तिने खोटं बोलण्यापेक्षा खरं बोलावं, पण अर्धं. 'तो तुला माफ करणार नाही' हे वाक्य निरुपयोगी. 'तू त्या रात्री फोन उचलला नाहीस' हे वाक्य काम करतं.

प्रकरणाचा शेवट : दरवेळी किंकाळीवर तोडू नका. तीनांतली दोन प्रकरणं नायकाच्या निर्णयावर संपवा.

प्रश्न : शेवटी नायक मनापासून देवाला हाक मारतो, प्रकाश येतो, दुष्ट शक्ती नष्ट होते. मला हाच शेवट हवा आहे, पण वाचणाऱ्यांना तो सोपा वाटतो.

उत्तर : प्रकाश ठेवा. अडचण त्याच्या क्रमात आहे. नायक हाक मारतो आणि लगेच सुटका होते, त्यामुळे हाक हा व्यवहार ठरतो. सुटकेचा मार्ग बंद आहे असं पक्कं कळल्यानंतर त्याने निर्णय घेतला पाहिजे, आणि त्या निर्णयात त्याला सर्वांत प्रिय असलेली गोष्ट जायला हवी. परिचारिकेच्या कथेत ती दार कायमचं बंद करते, आत मुलाचा आवाज चालू असताना. तो आवाज खोटा होता याची खात्री तिला तेव्हाही नाही. त्यानंतर प्रकाश आला तर चालेल, कारण तो तिने विकत घेतलेला नाही.

तपासायला सोपी युक्ती आहे. चमत्काराची वाक्यं खोडून शेवटचं प्रकरण वाचा. नायकाने जे करायचं ते करून झालं आहे असं वाटलं, तर चमत्कार परत घाला. काहीच घडलं नाही असं वाटलं, तर तुमचा शेवट नायकाने नव्हे, लेखकाने केला आहे.

गेलेलं परत देऊ नका. मेलेला मुलगा, तुटलेलं लग्न, गेलेली दृष्टी, काहीच नाही. दुष्ट शक्ती संपूर्ण नष्ट होण्याचीही गरज नाही. या माणसावरचा तिचा हक्क संपला एवढं पुरतं. कळसानंतर दोन हजार शब्दांच्या आत कादंबरी आटोपती घ्या, आणि ती शक्ती नेमकी कोण होती हे समजावून सांगणारा ज्ञानी म्हातारा शेवटच्या प्रकरणात आणला असेल तर त्याला तिथून काढा. त्याच्या बोलण्यातलं जे खरोखर लागतं ते मध्यापूर्वी कोणाच्या तरी तोंडी चुकीच्या अर्थाने आलेलं असू द्या.